गंजलेली चासी आणि जुन्याचा जोड

मोटारगाडीविषयी बोलणे निघाले की आपण बहुधा तिच्या इंजिनाविषयी बोलतो. इंजिन किती ताकदीचे, तेल किती पिते, चढावर दम धरते की नाही, हे प्रश्न आपल्या तोंडी असतात. ज्या सांगाड्यावर ते इंजिन, ती केबिन आणि तो माल उभा असतो, त्याची आठवण मात्र तो मोडल्यावर होते. या सांगाड्याला कारखान्यातील इंजिनिअरापासून द्वारकेच्या गॅरेजातील मिस्त्रीपर्यंत सगळे चासी म्हणतात. ही चासी गंजून सडली असता दुसऱ्या, निकालात निघालेल्या गाडीच्या चासीचा तुकडा जोडून ती पुन्हा उभी करता येते काय, आणि येत असल्यास ती कोणत्या अटींवर, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय यंत्राचा आहे; परंतु तो केवळ यंत्राच्या माणसांचा नाही. पहाटे आपल्या बाजारात येणारी मेथीची जुडी, पिंपळगाव बसवंतचे टोमॅटो, लासलगावचा कांदा आणि दिंडोरी-निफाडकडील द्राक्षांचे क्रेट यांपैकी बराच माल लहान मालगाड्यांतून, म्हणजे पिकअपमधून हिंडतो. अशी गाडी चालवणारा पुष्कळदा स्वतःच तिचा मालक असतो, तिच्यावर कर्ज असते आणि घर तिच्यावर चालत असते. गाडी दहा-बारा वर्षांची झाली, इंजिन अजून ठणठणीत आहे, पण चासीला भोक पडले, असे मिस्त्रीने सांगितले की त्या घराची झोप उडते. नवी गाडी घेणे परवडत नाही आणि जुनी रस्त्यावर काढणे धोक्याचे. या दोन्हींच्या मध्ये दुरुस्तीची वाट आहे. ती वाट खरी कोणती आणि फसवी कोणती हे नागरिकांस समजले पाहिजे. कारण कसाऱ्याच्या घाटात अशी गाडी जेव्हा उतरत असते, तेव्हा तिच्यापुढे आपलीच गाडी असण्याचा संभव असतो.

नाशिकला या गाड्यांशी जवळचे नाते आहे. मुंबईत जीपगाड्यांच्या जुळणीस आरंभ करणाऱ्या महिंद्र कंपनीचा मोठा कारखाना पुढे सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आला, आणि बोलेरो, स्कॉर्पिओ यांसारखी नावे आपल्या गावाशी जोडली गेली. या गाड्यांचे एक वैशिष्ट्य असे की त्यांना स्वतंत्र चासी आहे. आजच्या पुष्कळशा लहान मोटारींत पत्र्याचे धूड हाच सांगाडा असतो. पिकअपमध्ये मात्र खाली शिडी आणि वर धूड अशी रचना असते. शिडी जमिनीला समांतर आडवी धरावी, तसे हे रूप. दोन लांब तुळया, आणि त्यांना ठिकठिकाणी सांधणारे आडवे दांडे. तुळई कोठे चौकोनी नळीसारखी बंद असते, तर कोठे कडेवर उभ्या केलेल्या पन्हळीसारखी एका बाजूने उघडी असते.

आता गंज या शिडीला कोठून गाठतो ते पाहू. लोखंड गंजते म्हणजे पाणी आणि प्राणवायू यांच्या सान्निध्यात ते हळूहळू पुन्हा आपल्या खनिजरूपाकडे वळते. या क्रियेत विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह धातूतून व त्यावरील ओलाव्यातून वाहतो. ओलाव्यात मीठ असले की तो प्रवाह सुलभ होतो आणि गंजाची गती वाढते. दिल्लीला मेहरौलीत सुमारे १६०० वर्षांचा लोखंडी स्तंभ अजून उभा आहे. त्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक असल्यामुळे त्याच्या पृष्ठावर रक्षण करणारा पातळ थर बसला, असे धातुशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. आपल्या चासीच्या पोलादास असे भाग्य नाही. त्याचे रक्षण रंगाने करावे लागते, आणि रंग जेथे उडतो तेथे गंज बसतो.

येथे एक गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट आहे. लोखंड जेथे उघड्यावर असते तेथे ते जास्त गंजते, असे आपल्याला वाटते. वास्तविक चिखलाखाली, दोन पत्र्यांच्या फटीत, बंद नळीच्या तळाशी गंज अधिक खोल जातो. ओल्या चिखलाने झाकलेल्या भागास प्राणवायू कमी मिळतो आणि शेजारच्या मोकळ्या भागास जास्त मिळतो. या फरकामुळे झाकलेला भाग विजेच्या घटातील झिजणाऱ्या पट्टीसारखा वागतो आणि तेथलेच लोखंड विरघळू लागते. म्हणून बाहेरून तांबूस दिसणारी चासी पुष्कळदा धडधाकट निघते आणि काळ्या रंगाने चकचकणारी आतून चाळण झालेली निघते. आपल्याकडे शेताच्या बांधावरची काळी माती चाकांनी उडून तुळईच्या भोकांतून आत शिरते, पाणी निघून जाण्याची भोके बुजवते, आणि पावसाळा संपल्यावरही आत महिनोन्महिने ओल धरून राहते. मागच्या चाकांवरचा वळसा आणि पाट्यांचे हँगर जेथे तुळईला जोडलेले असतात त्या जागा म्हणूनच आधी सडतात.

द्राक्षबागांच्या प्रदेशात आणखी एक कारण आहे. केवडा रोगावर बागाईतदार मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचुदाचे पाणी लोखंडी बादलीत करू नये, हे प्रत्येक जुन्या बागाईतदारास ठाऊक असते. बादलीवर तांब्याचा लालसर मुलामा चढतो आणि बादलीचे लोखंड पाण्यात उतरते. हेच मोरचूद गाडीच्या हौद्यात सांडले आणि पावसाने खाली चासीवर ओघळले, तर तेथेही तोच व्यवहार चालतो. पोटॅशसारख्या खतांत क्लोराइड असते. ते मिठासारखेच काम करते. तेव्हा खते आणि औषधे वाहणारी गाडी समुद्रकाठी न जाताही समुद्रकाठच्या गाडीसारखी गंजू शकते.

इतके समजल्यावर प्रश्न येतो की, गंजाने नेमके काय हिरावून घेतले? लोखंड गेले, हे उत्तर अपुरे आहे. तुळईवर माल चढला की दोन चाकांच्या मधल्या भागात ती खाली वाकू पाहते. अशा वेळी तिची वरची कड दाबली जाते आणि खालची कड ताणली जाते. मधल्या उभ्या पत्र्यावर वाकण्याचा ताण सर्वांत कमी असतो. मागच्या चाकांच्या मागे बाहेर आलेल्या भागात हाच प्रकार उलट होतो. म्हणजे तुळईचा जीव तिच्या वरच्या आणि खालच्या कडांत असतो. समजा, खालच्या कडेचा पत्रा चार मिलिमीटरचा होता आणि दोन्ही बाजूंनी एक-एक मिलिमीटर गंजाने खाल्ला. डोळ्यांना पत्रा शाबूत दिसतो, पण भार वाहून नेणारी वाट निम्मी झालेली असते. रस्त्यावरच्या खड्ड्यात चाक आदळले म्हणजे तोच भार क्षणभर दुपटीच्या घरात जातो. धातूचा स्वभाव असा की असे हिसके लाखो वेळा बसले म्हणजे तो थकतो. वेल्डिंगच्या जोडाबाबत तर इंजिनिअरांचा हिशेब असा आहे की ताण दुप्पट झाला तर जोडाचे आयुष्य निम्मे होऊन थांबत नाही, ते साधारण एक-अष्टमांशावर येते.

यावरून आमच्या प्रतिपादनाचा मुख्य मुद्दा ध्यानात येईल. चासीची दुरुस्ती म्हणजे भोक बुजवणे नव्हे. तुटलेली भाराची वाट पुन्हा अखंड करणे म्हणजे दुरुस्ती. भोकावर पत्र्याचे ठिगळ ठेवून चारही बाजूंनी वेल्डिंग केले आणि वर डांबरी रंग फासला, तर भोक दिसेनासे होते, पण ठिगळाच्या कडेचा पत्रा मुळातच कुजका असल्यामुळे भार तेथे पोचून अडतो. पुढे फाटते ते ठिगळाशेजारी. असे ठिगळ विकणाऱ्यास आणि विकत घेणाऱ्यासही आपण दुरुस्ती केली असे वाटते, हा त्यातला खरा धोका आहे.

खऱ्या दुरुस्तीस आरंभ परीक्षेने होतो. कुंभाराकडून मडके घेताना आपण ते वाजवून घेतो. चासीही तशीच वाजवून पाहावी. हौदा उतरवून, माती धुऊन, तारेच्या ब्रशने खवले काढून हातोडीने टप्प्याटप्प्याने ठोकत जावे. निरोगी पोलाद खणखणीत वाजते, कुजलेले बद्द आवाज देते आणि त्यातून पापुद्रे गळतात. संशय येईल तेथे टोच्याने टोचावे, आणि जाडी मोजण्याचे साधन असेल तर मोजावे. निरोगी धातू लागेपर्यंत गंजाचा माग काढणे हे या कामातील पहिले पथ्य. भोक हातभर दिसत असेल तर आजार बहुधा त्याहून लांब गेलेला असतो.

याच वेळी नाही म्हणण्याचे धैर्यही लागते. सडका भाग एका तुळईच्या मागील टोकाशी आहे, पुढे-मागे निरोगी धातू आहे, अशी स्थिती असेल तर जोड देणे योग्य होय. परंतु दोन्ही तुळया जागोजाग पातळ झाल्या असतील, किंवा स्टिअरिंग आणि पुढची चाके जेथे टेकतात तो भाग सडला असेल, तर आमच्या मते त्या चासीवर तुकडे जोडत बसू नये. निरोगी धातूच उरला नाही तर जोडायचे कशाला?

जोडासाठी तुकडा कोठून आणावा? मुंबईत कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार पुष्कळांच्या माहितीचा आहे. आपल्याकडे अंबड-सातपूर जोडरस्त्यावर मोठा भंगार बाजार वसला होता. महापालिकेने २०१७ साली तो हटवला. बाजार हटला म्हणून जुन्या भागांची गरज हटत नाही. मात्र निवड पारखून करावी. तुकडा त्याच जातीच्या, त्याच लांबीच्या आणि त्याच भारक्षमतेच्या गाडीचा हवा. दिसायला सारख्या दोन गाड्यांच्या चासीच्या पत्र्याची जाडी वेगळी असू शकते. समोरून धडकलेल्या गाडीचा मागचा भाग बहुधा सरळ असतो, पण या ‘बहुधा’वर विसंबू नये, दोरी धरून आणि मापे घेऊन खात्री करावी. आगीत सापडलेल्या गाडीचा तुकडा तर मुळीच घेऊ नये, कारण आचेने पोलादाचा गुण पालटतो. तुकडा लागतो त्याहून दोन्हीकडे वीतभर जास्त घ्यावा. गॅसने कापलेली कड कठीण आणि ठिसूळ झालेली असते. ती ग्राइंडरने काढून टाकता यावी म्हणून ही पुरवणी.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. बॅटरीच्या तारा सोडाव्यात, कारण हल्लीच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक मेंदू वेल्डिंगच्या विजेने निकामी होतो. तेलाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या दूर कराव्यात. मग गाडी सपाट जमिनीवर भक्कम घोड्यांवर घ्यावी आणि गवंडी वापरतो तशी पाण्याची पारदर्शक नळी लावून दोन्ही तुळया समपातळीत आणाव्यात. चासीवरील ठरलेल्या भोकांपासून लांबीची आणि तिरपी मापे कापण्यापूर्वीच लिहून ठेवावीत. दोन्ही तिरपी मापे सारखी असली म्हणजे शिडी काटकोनात आहे. कामानंतर त्यांत दोन-तीन मिलिमीटरहून अधिक फरक पडू देऊ नये. फरक पडला तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि टायर खाते. एका वेळी एकच बाजू कापावी, आणि कापण्यापूर्वी तात्पुरते अँगल लावून सांगाडा जखडून ठेवावा.

काप कसा घ्यावा हे आपल्या जुन्या वाड्यांच्या सुतारांस विचारावे. सागवानी तुळईला जोड देताना सुतार ती सरळ कापत नाही. तिरपी, लांब कापतो, म्हणजे जोड एकाच रेषेत येत नाही. चासीसही तेच लागू आहे. सरळ उभा काप घेतला तर वेल्डिंगची सर्व रेषा एकाच ठिकाणी येते आणि तेथेच थकवा साठतो. पंचेचाळीस अंशांत तिरपा किंवा पायरीसारखा काप घेतल्याने वेल्डिंगची लांबी वाढते आणि वरच्या व खालच्या कडांचे जोड एकमेकांपासून दूर जातात. जोड पाट्याच्या हँगरपाशी, आडव्या दांड्याच्या सांध्यावर किंवा वळशाच्या ऐन वाकणात कधीही आणू नये. भार जेथे तुळईत शिरतो किंवा दिशा बदलतो तेथे ताण आधीच एकवटलेला असतो.

जोडाच्या आत त्याच जाडीच्या पत्र्याची घट्ट बसणारी पट्टी सरकवावी. ती जोडाच्या दोन्ही बाजूंस निदान तुळईच्या उंचीइतकी तरी असावी आणि भोके पाडून त्यांतूनही वेल्डिंगने धरावी. तिची टोके चौकोनी ठेवू नयेत. माशाच्या शेपटीसारखी निमुळती करावीत. भक्कम भाग एकाएकी संपून नाजूक भाग सुरू झाला की नेमक्या त्या सीमेवर तडा जातो. दुरुस्ती जितकी जाड तितकी चांगली, या समजुतीचा बळी ठरलेल्या चासी अनेक गॅरेजांत पाहावयास मिळतात. जोडलेला भाग बाकीच्या तुळईबरोबर थोडा लवला पाहिजे. भाराला जोड कोठे आहे हे कळू नये, इतका तो मूळ तुळईशी एकजीव असावा.

वेल्डिंग सलग एका दमात करू नये. आधी चार बाजूंस टाके मारावेत, मापे पुन्हा तपासावीत, आणि मग या बाजूस थोडे, त्या बाजूस थोडे असे करीत जावे, म्हणजे आच एका ठिकाणी साचून तुळई वाकडी होत नाही. बेसिक जातीच्या कांड्या वापरावयाच्या तर त्या तापवून कोरड्या कराव्यात. पावसाळ्यात ओल पकडलेल्या कांडीतून हायड्रोजन जोडात शिरतो आणि पुढे काही तासांनी किंवा दिवसांनी आत बारीक तडा जाऊ शकतो. खालच्या कडेवरील जोड ग्राइंडरने भाराच्या दिशेनेच घासून मूळ पत्र्याशी सारखा करावा. जेथे मुळात रिबिटे होती तेथे उच्च ताकदीचे, भोकात घट्ट बसणारे बोल्ट घालावेत. कडांना नवी भोके पाडू नयेत.

काम झाल्यावर गंजाचे मूळ कारण काढले नाही, तर सारे श्रम वाया जातात. पाणी निघण्याची भोके मोकळी करावीत, बाहेरून जस्तयुक्त लेप आणि त्यावर रंग द्यावा, आणि बंद तुळईच्या आत नळीने पातळ मेण फवारावे. इंजिनातील जुने काळे तेल मारण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पण ते रबरी बुशांना आणि नळ्यांना खाते, जमिनीवर ठिबकते आणि पावसात धुऊन जाते. पावसाळ्यानंतर आणि खत-औषधाच्या हंगामानंतर चासी आतून-बाहेरून साध्या पाण्याने धुणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

गंजाचे हे संकट केवळ गरिबांच्या गॅरेजांतील आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. तेथे टोयोटाच्या टॅकोमा नावाच्या पिकअपच्या चासी गंजून सडू लागल्या, तेव्हा २००८ साली कंपनीने १९९५ ते २००० या सालांच्या गाड्यांची गंजाविषयीची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि वाईट अवस्थेतील गाड्या बाजारभावाच्या दीडपट किमतीस परत घेतल्या. पुढे २०१६ साली तेथील न्यायालयीन दाव्यात सुमारे १५ लाख गाड्यांसाठी जी तडजोड झाली, तिचा खर्च ३४० कोटी डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. मोठमोठ्या कारखान्यांसही चासीच्या गंजापुढे नमावे लागते, एवढा बोध त्यातून घ्यावा.

आता कायद्याविषयी. प्रत्येक चासीवर तिचा क्रमांक कोरलेला असतो. तोच गाडीची ओळख होय. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२व्या कलमानुसार नोंदणीतील तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून क्रमांक असलेला तुकडा कापू नये, दुसऱ्या गाडीचा क्रमांक आपल्या गाडीत येऊ देऊ नये. गंज नेमका क्रमांकाच्या जागी असेल किंवा पूर्ण चासीच बदलावी लागत असेल, तर हातात ग्राइंडर घेण्यापूर्वी पेठ रोडवरच्या आरटीओ कार्यालयाची वाट धरावी. जुना तुकडा घेतानाही पावती घ्यावी आणि तो कोणत्या गाडीचा आहे हे लिहून घ्यावे. अन्यथा चोरीच्या गाडीचे अवशेष आपल्या गाडीखाली येऊन बसतात. निकालात काढलेल्या गाड्या रीतसर मोडण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली नोंदणीकृत केंद्रांचे नियम केले आहेत. अशा ठिकाणचा माल घेतल्यास ही चिंता राहत नाही.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. चासीवर ताजा, दाट काळा रंग दिसला की हुरळून जाऊ नये. हातोडी मागावी आणि मडक्याप्रमाणे चासी वाजवून घ्यावी. आणि मिस्त्रीने जोड उघड दाखवला, मापे सांगितली, जुना तुकडा कोठला ते सांगितले, तर त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. चांगल्या जोडास दोन दिवस लागतात, ठिगळास दोन तास. आपण दोन तासांचे पैसे देऊन दोन दिवसांच्या कामाची अपेक्षा करतो, आणि मग प्रामाणिक कारागीरही ठिगळाकडे वळतो. घाटातल्या सुरक्षिततेचा काही भाग या मजुरीच्या व्यवहारात ठरत असतो.

एवंच, टाकाऊ गाडीचा निरोगी तुकडा दुसऱ्या गाडीस आणि तिच्यावर जगणाऱ्या घरास आणखी काही वर्षे देऊ शकतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: निरोगी धातूपर्यंत जाण्याची चिकाटी, भाराची वाट ओळखण्याचे ज्ञान, आणि जेथे वाटच उरली नाही तेथे मालकास स्पष्ट नाही सांगण्याचा प्रामाणिकपणा. यांपैकी पहिल्या दोन मिस्त्रीकडे मागण्याचा आपणांस अधिकार आहे. आणि तिसरी गोष्ट ऐकून घेण्याची तयारी आपण मालकांनी व गिऱ्हाइकांनी ठेवली पाहिजे.